मासे हातात न घेता कॅमेऱ्यानं मोजायचे कसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात किंवा टाकीत मासे वाढवणारा माणूस कॅमेऱ्याचा विचार करायला लागला की फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीत, कारण गडबड नेमकी तिथेच होते.

मासा पकडून काट्यावर ठेवला की वजन कळतंच ना, मग कॅमेरा कशाला?

कळतं, पण तेवढ्या वेळात त्या माशाचं काय होतं ते एकदा जवळून बघा. हातजाळ्यातून तो वर येतो, धडपडतो, जाळ्याच्या गाठींना चार-दोन खवले चिकटून राहतात आणि तुमच्या हातमोज्यावर तो बुळबुळीत थर येतो. तो थर म्हणजे माशाचं चिलखत आहे, जिवाणू आणि बुरशी आत शिरू नये म्हणून असलेलं, आणि गोड्या पाण्यात तो जिथे खरवडला जातो तिथे पुढच्या काही दिवसांत सॅप्रोलेग्निया बुरशीचे कापसासारखे पुंजके दिसायला लागतात. शिवाय पकडल्यावर काही मिनिटांतच रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढतं, मासा खाणं सोडतो, आणि ज्याला जाळ्यात घेतलं तोच नाही तर त्याच्या आजूबाजूचा सगळा थवा बिथरतो. मोठे मासे असतील तर ट्रायकेन किंवा लवंग तेलाची गुंगी द्यावी लागते, म्हणजे अजून एक काम आणि अजून एक धोका.

या सगळ्या त्रासामुळे लोक महिन्यातून एकदा, फार तर दोनदा सॅम्पलिंग करतात आणि तेही पन्नासेक माशांचं. आता पिंजऱ्यात १ लाख मासे असतील तर ५० म्हणजे ०.०५ टक्के. आणि ते ५० कोण? खाद्य टाकल्यावर जे धावत वर आले आणि जाळ्यात सापडले ते, म्हणजे बहुतेक वेळा धट्टेकट्टे. तेव्हा काट्यावरचा आकडा ग्रॅममध्ये बरोबर असला तरी पिंजऱ्याची सरासरी म्हणून तो बरोबर असेलच असं नाही, हे आधी मान्य करायला हवं.

पण वजन इतकं नेमकं कळून करायचं काय?

खाद्य. पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीत सर्वात मोठा खर्च खाद्याचाच असतो आणि रोजचं खाद्य आपण माशांच्या एकूण वजनाच्या टक्क्यांवर ठरवतो. अंदाज जास्त निघाला की जादाचं खाद्य खाली बुडतं, तळाशी कुजतं, पाणी खराब करतं. अंदाज कमी निघाला की दांडगे मासे पोट भरून खातात आणि दुबळ्यांना काही उरत नाही, मग लहान-मोठ्यातला फरक वाढतच जातो. औषधाचा डोस, ग्रेडिंग (लहान-मोठे मासे वेगळे करणं) कधी करायचं, कुठला पिंजरा आधी काढायचा, हे सगळं त्याच आकड्यावर.

काही ठिकाणी कायदाही आहे. नॉर्वेत सॅल्मनच्या एका पिंजऱ्यात २ लाखांपेक्षा जास्त मासे ठेवता येत नाहीत, एका घनमीटर पाण्यात २५ किलोपेक्षा जास्त मासा नको, आणि परवानाच मुळी पाण्यात एका वेळी किती टन जिवंत मासा आहे त्यावर दिला जातो, साधारण ७८० टन एका परवान्याला, अगदी उत्तरेकडच्या भागात ९४५. तिथे वजनाचा अंदाज चुकणं म्हणजे नियम मोडणं.

कॅमेरा लांबी मोजतो तरी कशी?

आपले दोन डोळे जे करतात तेच. एका दांड्यावर ठराविक अंतरावर दोन कॅमेरे पक्के बसवलेले असतात, एकच मासा दोन्हीत थोडा वेगळ्या जागी दिसतो आणि त्या सरकण्यावरून तो कॅमेऱ्यापासून किती अंतरावर आहे ते काढतात. अंतर कळलं की फोटोतल्या ठिपक्यांचे सेंटिमीटर करता येतात. नाकाच्या टोकाचा एक बिंदू, शेपटीच्या फाट्याचा एक बिंदू, दोघांची जागा त्रिमितीत काढली की मधलं अंतर म्हणजे लांबी. मासा थोडा तिरका पोहत असला तरी चालतं, कारण दोन्ही टोकांचं अंतर वेगवेगळं मोजलेलं असतं.

इथे दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, अंतर दुप्पट झालं की अंतर मोजण्यातली चूक चौपट होते, त्यामुळे लांबून दिसणारे मासे मोजायच्या मोहात पडू नका. दुसरी, दोन्ही कॅमेऱ्यांनी अगदी एकाच क्षणी फोटो घ्यायला हवा. सेकंदाला ६० सेंटिमीटर वेगानं पोहणारा मासा १० मिलिसेकंदांत ६ मिलिमीटर पुढे जातो. कॅमेऱ्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल तर त्या ६ मिलिमीटरनं २ टक्के चूक होते, आणि लांबीत २ टक्के म्हणजे वजनात ६ टक्के. साधे दोन कॅमेरे दांड्याला बांधून घरगुती सेट करणारे बऱ्याचदा इथेच फसतात आणि दोष सॉफ्टवेअरला देत बसतात.

एकाच कॅमेऱ्यात भागणार नाही का?

अंतर आधीच माहीत असेल तर भागतं. उथळ टाकीवर वरून लावलेला कॅमेरा, किंवा मासे एका अरुंद नळीतून नाहीतर घसरगुंडीवरून जातायत आणि समोर कॅमेरा आहे, अशा ठिकाणी एक पुरतो. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मोजायला, त्यांची साइज बघायला हेच जास्त वापरतात. दुसरा उपाय म्हणजे दोन समांतर लेसर, मधलं अंतर ठरलेलं, दोन्ही ठिपके माशाच्या अंगावर पडले की तीच पट्टी. समुद्रात व्हेल शार्क अशा पद्धतीनं मोजलेत. पण लेसर माशाच्या डोळ्यात जायला नको, आणि मासा बराचसा आडवा असायला हवा. मोकळ्या पिंजऱ्यात मात्र एका कॅमेऱ्याला जवळचा छोटा मासा आणि लांबचा मोठा मासा सारखाच दिसतो, तिथे दोनच हवेत.

लांबी कळली, वजन कुठून आलं?

खरं सांगायचं तर कॅमेरा वजन मोजतच नाही. तो लांबी मोजतो, चांगला असेल तर पाठीपासून पोटापर्यंतची उंचीही मोजतो, आणि वजन हा त्यावरून काढलेला हिशोब असतो. मासा सगळ्या बाजूंनी वाढतो म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे जातं. यासाठी फुल्टनचा कंडिशन फॅक्टर वापरतात, म्हणजे लांबीच्या मानानं मासा किती भरलेला आहे त्याचा आकडा: ग्रॅममधलं वजन गुणिले १००, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन. समजा तुमच्या माशांचा हा फॅक्टर १.२ आहे. मग ६० सेंटिमीटरचा मासा साधारण २,५९० ग्रॅमचा आणि ६२ सेंटिमीटरचा साधारण २,८६० ग्रॅमचा. दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले की वजनात १० टक्के फरक! म्हणून लांबीतली चूक तीननं गुणून बघायची सवय लावा.

इथे अजून दोन खाचखळगे आहेत. एक, लांबी कुठली? नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, का फाट्यापर्यंत, का शेपटीच्या मुळापर्यंत? तिन्ही वेगळ्या आहेत, आणि सूत्र एका लांबीचं आणि मोजमाप दुसऱ्या लांबीचं असा घोळ झाला की सगळे आकडे एका बाजूला झुकतात आणि लवकर लक्षातही येत नाही. दोन, आधी लांबीची सरासरी काढून मग तिचा घन करू नका. प्रत्येक माशाचं वजन वेगळं काढा आणि मग सरासरी घ्या. लांबीत माशामाशात १० टक्क्यांचा फरक असला तर पहिल्या पद्धतीनं सरासरी वजन साधारण ३ टक्के कमी दिसतं, निव्वळ गणितामुळे, कॅमेऱ्याचा काही संबंध नसताना.

आणि फॅक्टर कायम एकच राहत नाही. उपाशी राहिलेला, आजारातून उठलेला मासा बारीक असतो, अंड्यावर आलेली मादी फुगलेली असते. त्यामुळे ज्या सिस्टिममध्ये उंचीही मोजतात ती मला जास्त भरवशाची वाटते, नुसत्या लांबीवर चालणारी सिस्टिम हा फरक पकडूच शकत नाही.

हवेत कॅलिब्रेट केलेला, म्हणजे मोजमाप जुळवून घेतलेला, कॅमेरा तसाच पाण्यात टाकला तर?

नका टाकू. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, सपाट काचेतून बघितलं की ४ फुटांवरची वस्तू साधारण ३ फुटांवर असल्यासारखी दिसते. एकच कॅमेरा ठराविक अंतर धरून मोजत असेल तर मासा थेट एक तृतीयांशानं मोठा निघेल. दोन कॅमेऱ्यांत गंमत अशी की समोर सरळ आडवा असलेला मासा कदाचित जवळजवळ बरोबर येतो, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो, पण अंतर चुकलेलं असतं, तिरका मासा चुकतो आणि फोटोच्या कडेला आलेला वाकडा होतो. बुद्धिबळासारखा चौकटींचा बोर्ड घ्या, त्याच पाण्यात, त्याच जलरोधक खोक्यात बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या अंतरावर आणि कोनात फिरवा. झालं की माहीत लांबीची एक काठी समोर धरून तपासा, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. अर्धा दिवस जातो, पण हा अर्धा दिवस वाचवू नका.

सॉफ्टवेअरला मासा कळतो कसा?

माणसांनी हजारो फोटोंवर माशांच्या कडा आणि नाक, डोळा, पर, शेपटीचा फाटा असे बिंदू खुणा करून दिलेले असतात, त्यावरून न्यूरल नेटवर्क शिकतं. मग नवीन फोटोत ते मासा वेगळा काढतं आणि बिंदू शोधतं. अवघड काय तर मासे एकमेकांवर येतात आणि मासा पोहताना वाकतो. एकच मासा कॅमेऱ्यासमोरून जाताना हळू करून बघा, शेपूट एकदा आपल्याकडे येते, एकदा पलीकडे जाते, आणि मधे एक क्षण असा येतो की अंग सरळ ताणलेलं असतं. तोच क्षण हवा. वाकलेल्या माशाचं नाक ते शेपूट अंतर कमीच भरणार. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर एका माशाच्या अनेक फ्रेम बघतं आणि बऱ्याचशा टाकून देतं, १०० मधल्या ९० टाकल्या तरी हरकत नाही, मासे काही कमी नाहीत. फक्त एक ध्यानात ठेवा, सॅल्मनवर शिकलेलं मॉडेल तिलापियावर आपोआप चालत नाही, आकार वेगळा, रंग वेगळा, शेपटीला फाटाही तसा नाही.

किती मासे मोजले की पुरे?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. आकडा हवाच तर घ्या: वजनात माशामाशात २० टक्के फरक असेल तर १०० मासे मोजल्यावर सरासरीतली अनिश्चितता साधारण २ टक्के राहते, १,००० मोजल्यावर ०.६ टक्के. कॅमेरा दिवसाला हजारो मोजमापं सहज देतो, म्हणजे संख्येचा प्रश्न सुटलाच म्हणायचा.

पण कुठले मासे? हे विचारा. पिंजरा म्हणजे नीट ढवळलेलं सरबत नाही. सॅल्मनच्या मोठ्या पिंजऱ्याचा घेर बऱ्याचदा १६० मीटर असतो, म्हणजे आरपार ५० मीटर, त्यात कॅमेरा एका कोपऱ्यातलं दोन मीटर पाणी बघतो. मासे तापमान, ऑक्सिजन, उजेड, भूक यांप्रमाणे वर-खाली होतात आणि मोठे-छोटे एकाच थरात राहतील असं नाही. खाद्य पडतं तिथे कॅमेरा टांगला तर दांडगेच दिसणार. अगदी वर, जाळ्याच्या कडेला टांगला तर बऱ्याचदा आजारी, मागे पडलेले मासे तिथे रेंगाळत असतात, तेच पुन्हा पुन्हा समोर येणार आणि १०,००० मोजमापांत खरे मासे किती हे कळणारच नाही. मोजमापं वाढवून ही चूक एका दाण्यानंही कमी होत नाही, उलट आकडा अजून ठाम दिसायला लागतो आणि तेच जास्त धोक्याचं.

मी काय करतो ते सांगतो. कॅमेरा दोरीवर किंवा विंचवर ठेवायचा, दिवसभरात तीन-चार खोलींवर फिरवायचा, खाद्याच्या वेळी आणि खाद्य नसतानाही मोजायचं आणि दोन्ही वेळची सरासरी वेगळी बघायची. त्यांच्यात मोठा फरक असेल तर कुठल्याही एका आकड्यावर विश्वास नाही. सरासरीबरोबर पूर्ण पसाराही बघायचा, किती टक्के मासे कुठल्या वजनगटात, कारण काढणीच्या वेळी विकली जाते ती सरासरी नाही. आणि कॅमेरा नवीन लावल्यावर दोन-तीन दिवस त्याच्या आकड्याकडे बघायचंच नाही, मासे नव्या वस्तूपासून लांब राहतात, सवय व्हायला वेळ द्यायचा.

गढूळ तळ्यात चालेल का?

नाही, सरळ सांगतो. मातीच्या तळ्यात शेवाळ वाढवणं हाच मत्स्यपालनाचा भाग असतो, पाण्यात सोडलेली पांढरी-काळी चकती २५-४० सेंटिमीटरवर दिसेनाशी होते आणि ते पाणी माशांसाठी चांगलंच असतं. त्यात कॅमेऱ्याला मासा दिसणार कुठून? रोहू-कटला किंवा तिलापियाच्या हिरव्या तळ्यासाठी कोणी पाण्याखालचा कॅमेरा विकायला आला तर त्याला तुमच्याच पाण्यात डेमो द्यायला लावा, काचेच्या टाकीतला व्हिडिओ बघू नका. अशा पाण्यात सोनार बरा, ध्वनीला गढूळपणाचं फारसं काही वाटत नाही, पण चित्र भरड येतं आणि लांबी तितकी बारीक निघत नाही. दुसरं म्हणजे इन्फ्रारेड किरणांची चौकट, मासा आरपार पोहत गेला की त्याची सावली मोजली जाते. तिथे पल्ला कमी असल्यामुळे थोडा गढूळपणा खपतो.

दिवे लावले तर माशांना त्रास होतो का?

होऊ शकतो. अचानक लागलेल्या झगझगीत दिव्याला मासे दचकतात, काही दिव्याकडे खेचले जातात, आणि दिवसाची लांबी बदलली की वाढ आणि प्रजनन दोन्ही बदलतं. शक्यतो दिवसाच्या उजेडात मोजा. इन्फ्रारेड बहुतेक माशांना जवळपास दिसत नाही, पण पाणी तो मीटरभरातच शोषून टाकतं, त्यामुळे जवळच्या कामालाच उपयोगी. दिवा लावायचाच तर भिंगाच्या अगदी शेजारी लावू नका, पाण्यातले कण चमकतात आणि धुक्यात हेडलाइट मारल्यासारखं होतं. बाजूला लांब, तिरका लावा.

देखभाल किती लागते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. उबदार पाण्यात आठवड्याभरात काचेवर शेवाळाचा पातळ थर बसतो. आमच्याकडे एकदा असंच झालं, चार दिवस सरासरी वजन हळूहळू उतरत गेलं, आम्ही आधी आजार शोधला, मग खाद्याच्या पोत्यांवरच्या तारखा बघितल्या, आणि शेवटी कॅमेरा वर ओढला तर एका बाजूच्या काचेवर हिरवट साय. धूसर कडेमुळे शेपटीचा फाटा थोडा आत धरला जात होता, बस. तेव्हापासून काच पुसल्याची नोंद वजनाच्या नोंदीशेजारीच लिहितो. वायपर असेल तर छान, पण वायपरखालीही कधीतरी बोट फिरवून बघा. दांडा कशाला आपटला, कॅमेरा किंचित हलला, तरी कॅलिब्रेशन गेलं असं समजून ती माहीत लांबीची काठी परत धरायची.

कॅमेऱ्यानं मोजणं कुठे सक्तीचं आहे का?

आहे, ब्लूफिन ट्यूनाला. भूमध्य समुद्रात हे मासे जिवंत पकडून ओढत पिंजऱ्यात आणतात आणि तिथे चारून मोठे करतात. कोटा किती वापरला हे कळायला वजन लागतं, पण ट्यूना सतत पोहत राहिला तरच कल्ल्यांतून पाणी वाहतं आणि त्याला श्वास मिळतो, त्याला बाहेर काढून काट्यावर ठेवणं म्हणजे मारणंच. म्हणून अटलांटिक ट्यूनाचा आंतरराष्ट्रीय आयोग, आयसीसीएटी, यानं पिंजऱ्यात मासे सोडताना दोन डोळ्यांचा कॅमेरा सक्तीचा केला आणि किमान २० टक्के मासे मोजायला लावले. मासे दारातून एकामागून एक जातात, त्यामुळे तेच मासे पुन्हा मोजायचा प्रश्नही तिथे बराच सुटतो. अशी दाराची जागा तुमच्याकडे असेल, एका टाकीतून दुसरीत मासे सोडताना, तर तिथे नक्की मोजा, यापेक्षा चांगली संधी नाही.

वजनाशिवाय अजून काय कळतं?

जखमा, गेलेले खवले, झिजलेले पर, वाकडा कणा, आणि सॅल्मनवरच्या समुद्री उवा. नॉर्वेत सरासरी एका माशावर ०.५ प्रौढ मादी उवांची मर्यादा आहे, वसंतातल्या काही आठवड्यांत ०.२, आणि त्या मोजायला एरवी मासे पकडून गुंगी द्यावी लागते, तेव्हा कॅमेऱ्याचा इथे फार मोठा आधार आहे. फक्त कॅमेऱ्याला एका वेळी माशाची एकच बाजू दिसते आणि उवांची बारीक पिल्लं निसटतात, हे धरून चाला. सॅल्मनच्या गालावरचे ठिपके माशागणिक वेगळे असतात, त्यावरून एकेक मासा ओळखायचं कामही चालू आहे. मला वाढीच्या वेगासाठी ते सगळ्यात आशेचं वाटतं, कारण मग सरासरी वाढली ती मासे वाढले म्हणून, का छोटे कॅमेऱ्यासमोर यायचे थांबले म्हणून, ते कळेल.

मासे किती आहेत हेही कॅमेरा सांगेल का?

नाही. टांगलेला कॅमेरा सरासरी वजन देतो, संख्या देत नाही. संख्या सोडताना मोजलेली, वजा मेलेले, वजा पळालेले. त्यात ५ टक्के चूक असेल तर एकूण बायोमासमध्ये, म्हणजे सगळ्या माशांच्या मिळून वजनातही, ५ टक्के राहणारच, कॅमेरा कितीही भारी घ्या.

मग वजनकाटा काढून टाकू का?

अजिबात नको. काट्याचं काम बदललं, इतकंच. आता त्यानं महिन्याची सरासरी काढायची नाही, कॅमेऱ्याचा कंडिशन फॅक्टर तपासायचा. ग्रेडिंगला, लस द्यायला मासे कधीतरी हातात येतातच, तेव्हाच लांबी, उंची आणि वजन एकत्र लिहून ठेवा, वेगळं पकडायची गरज नाही. सगळ्यात खरी परीक्षा काढणीच्या दिवशी, पूर्ण पिंजऱ्याचं वजन होतं तेव्हा. त्या आठवड्याचा कॅमेऱ्याचा आकडा शेजारी मांडा, पण मांडताना दोन गोष्टी बघा: काढणीआधी मासे उपाशी ठेवलेले असतात म्हणून थोडं वजन उतरलेलं असतं, आणि कारखान्यातून आलेलं वजन अख्ख्या माशाचं आहे का पोट साफ केलेल्याचं, हे आधी फोन करून विचारा.